मोहरीच्या वाटीतली किल्ली

मेडिकल दुकानात मुदत संपलेला माल एका खोक्यात टाकतात. कंपनीचा माणूस न्यायला आला नाही, की खोकं भरतं आणि शेजारी दुसरं लावावं लागतं. माझ्याकडच्या किश्श्यांचं तसंच झालंय. फरक एवढाच, की ह्यांची मुदत संपत नाही! ज्यांचे किस्से तेच समोर बसून हसतात आणि म्हणतात, "मावशी, लिहा. फक्त नावं बदला." नावं बदलली. बाकी एक अक्षर बदललेलं नाही.

मी चौथी पास. आमचे हे फार्मासिस्ट, पंचवटीत आमचं दुकान. दुखण्याच्या गोळ्या विकता विकता त्या गोळ्यांनीच ह्यांना गाठलं आणि नेलं. मी इंग्रजी शिकले ती औषधांच्या पट्ट्यांवर बोट ठेवून. हे गेल्यावर दुकान बंद केलं, पण रविवारी दुपारी शटर अर्धं वर करून बसायला लागले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. व्यसन लागलेला फार्मासिस्ट जाणार कुठे? डॉक्टर ओळखीचा, कंपाउंडर ओळखीचा, गावभर बोभाटा! म्हणून माझ्या शटरखालून वाकून आत यायचे. अंगातलं उतरवायला मी त्यांना आधी बाहेरगावच्या डॉक्टरकडे धाडायची. उतरलेलं परत चढू द्यायचं नाही, हे माझं खातं.

* * *

पहिल्या रविवारी चार फार्मासिस्ट आले. मला वाटलं, रडतील, पश्चात्ताप करतील. कसलं काय! एकाने स्वतःच्या गोळीचं नाव सांगितलं, दुसरा लगेच म्हणाला, "अरे, त्याच्यापेक्षा अमुक कंपनीची चांगली." तिसऱ्याने मिलिग्रॅम काढले. चौथा सटाण्याकडचा. तो म्हणाला, "ती तर आता बाजारात मिळतच नही शे!" आणि चौघंही हळहळले.

मी टेबलावर वेलदोडे कुटायचा खलबत्ता आपटला. "ही काय स्टॉकिस्टची मीटिंग आहे? आजपासून एकाही औषधाचं नाव घ्यायचं नाही. 'ती' म्हणायचं!"

पुढच्या रविवारी माझी शेजारीण कान देऊन ऐकत होती. नंतर मला हळूच म्हणाली, "अहो, ह्या चौघांचंही एकाच बाईवर प्रेम होतं का हो?"

* * *

विलासची बायको सुनंदा सिन्नरकडची. विलासचं सातपूरला दुकान. सुनंदा त्याला शर्टाच्या बाहीला धरून माझ्याकडे घेऊन आली.

विलास खोकल्याचं औषध प्यायचा आणि रिकाम्या बाटलीत घरचा गवती चहा भरून ठेवायचा. हात इतका सफाईचा, की झाकणाचं सील कोणी ओळखू नये. बाटली कपाटात अगदी मागे ठेवायचा. पण एकदा सुनंदा गल्ल्यावर बसलेली असताना नेमकी तीच विकली गेली. आठ दिवसांनी ती नेणारा कंपनीतला कामगार रिकामी बाटली घेऊन परत आला. म्हणाला, "वहिनी, तेच औषध द्या. खोकला राहू द्या हो, चव काय सुंदर आहे! घरच्यांनी चपातीबरोबर संपवलं!"

सुनंदाने बाटलीचं बूच हुंगलं. माझ्यासमोर म्हणाली, "मावशी, माझ्या परसातला गवती चहा हाय तो. मी वळखनार नाय व्हय? पोरांना घेऊन माहेरी चालले मी. ह्यो सुधरला तर मला कळवा. नाय सुधरला तर नका कळवू."

विलास मान खाली घालून बसला होता. खोकल्याचं औषध हे नुसतं तोंडी लावणं होतं. खरी गोची होती कुलूपबंद कपाटातल्या दुखण्याच्या गोळ्यांची. आमच्या ह्यांना नेलं त्याच. मी हात पुढे केला. "त्या कपाटाची किल्ली दे."

"मावशी, माझ्यावर एवढा संशय?"

"संशय नाही, नियम."

त्या कपाटाच्या दोन किल्ल्या. एक सुनंदाने कमरेला लावून माहेरी नेली, दुसरी माझ्या मसाल्याच्या डब्यात गेली. सात वाट्यांपैकी मोहरीची वाटी किल्लीला दिली, आणि मोहरी बिचारी पुडीत, रबर लावून. मी बजावलं, "ज्या दिवशी मला वाटेल त्या दिवशी देईन. मागायची नाही."

पठ्ठ्याने पहिलं वर्षभर दर रविवारी मागितली!

* * *

एका मोठ्या संस्थेचे साहेब आमची बैठक बघायला आले. सफारी सूट, हातात फाइल. इकडे तिकडे बघत म्हणाले, "मावशी, तुमचं क्वालिफिकेशन काय?"

"चौथी पास. आणि त्यानंतर बावीस वर्षं नवरा."

साहेबांनी लिहून घेतलं. मग विचारलं, "तुमची मेथड कोणती?"

"खोटं बोलला, की चिवडा बंद!"

तेही लिहून घेतलं. आभाराचं पत्र आलं, त्यात 'आहाराधारित उपचारपद्धती' असं छापलं होतं.

* * *

मनीषा डी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला. मुलगी हुशार, पण अभ्यासासाठी जागायच्या गोळ्या, मग झोपायच्या गोळ्या, असं करत करत दिवस कुठला आणि रात्र कुठली तेच कळेना. हॉस्टेलच्या मैत्रिणीने आणून सोडली. सहा महिने एक रविवार चुकला नाही.

तोंडी परीक्षेत सरांनी तिला विचारलं, "ह्या गोळीचे दुष्परिणाम सांग." मनीषाने पुस्तकातले सहा सांगितले. मग थांबेचना! आईशी खोटं बोलणं, आरशात न बघणं, मैत्रिणीचा डबा खाऊन तिलाच ओरडणं... दहा-बारा झाले.

सर म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. पंचवटीतल्या मावशींकडे आहे."

त्या रविवारी तेच सर शटरखालून वाकून आत आले. मनीषा पांढरीफटक! मी पदर खोचला, म्हटलं आला हा तक्रार घेऊन. सरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "एक खुर्ची मिळेल का? मला बसायचंय."

* * *

पण सरांची खोड जाईना. बसायच्या ऐवजी ते शिकवायचे! दुकानातल्या जुन्या फळ्यावर यकृताचं चित्र काढून पाऊण तास लेक्चर. दारू आत गेली की काय होतं, इथे सूज, इथे चरबी. सगळे जांभया देताहेत. शेवटी विलास म्हणाला, "सर, चित्र छान आहे. पण हे लिव्हर कोणाचं?"

सरांनी फळ्याकडे बघितलं. खडू खाली ठेवला. म्हणाले, "माझं."

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा चिवडा मिळाला.

* * *

मधे विलास एकदा खोकल्याच्या औषधावर घसरला. कोणाला कळलंही नसतं, पण धंद्याची सवय वाईट! स्वतःच्या खिशातल्या डायरीत ह्याने तारीख, वेळ आणि बॅच नंबर लिहून ठेवला होता! डायरी माझ्यापुढे टाकून म्हणाला, "माझे दिवस पहिल्यापासून मोजा, मावशी." त्यानंतर मात्र त्याने किल्ली मागणं सोडलं.

पुढे त्याचं पुरतं एक वर्ष झालं. सुनंदा पोरांना घेऊन परत आली. सगळ्यांनी मिळून पेढे आणले. मनीषाने भेटकार्डाऐवजी औषधाचं लेबल छापून त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवलं: "विलास. मात्रा: दररोज, घरीच. उन्हात ठेवू नये. लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवावा."

धाकट्या पोरीला अजून वाचता येत नव्हतं. ती आपणहूनच त्याच्या मांडीवर जाऊन बसली.

* * *

ह्या गोष्टीला सात वर्षं झाली. विलास रोज दुकानात बसायचा, पण ते कपाट सुनंदाच उघडायची. लोक पेजर विसरून मोबाइलवर आले, मोहरी मात्र अजून पुडीतच.

मग एका रविवारी, बैठकीआधी फरशी पुसताना मी घसरले. मनगट मोडलं. प्लास्टर घालून दुपारी दुकानात येऊन बसले. बैठक चुकवायची नाही, हा नियम मलाही लागू! डॉक्टरने चिठ्ठी दिली होती. मनीषा आता हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरीला. तिने चिठ्ठी वाचली आणि सरांकडे दिली. सरांनी वाचून विलासकडे बघितलं. 'ती'च गोळी होती, विलासच्या कपाटातली.

सुनंदा पोरांना घेऊन वणीला देवीच्या दर्शनाला गेलेली. तिची किल्ली तिच्या कमरेला.

विलास म्हणाला, "मावशी, मी दुसऱ्या दुकानातून आणतो."

कळ डोक्यात गेली होती माझ्या! "का? तुझ्या दुकानाला काय धाड भरलीये? मनीषा, मागच्या खोलीतून मसाल्याचा डबा आण."

किल्लीला हळदीचा पिवळा रंग चढला होता. विलासने ती रुमालात घेतली आणि गेला. स्कूटरवर सातपूर म्हणजे जाऊन येऊन पाऊण तास. पाऊण तास झाला. एक तास झाला. मनीषा चार वेळा शटरपाशी जाऊन आली. सर उठले, "मी जरा जाऊन बघू का?"

"बसा खाली! चिवडा खा."

कोणीच खाल्ला नाही. मीही नाही.

दीड तासाने विलास वाकून आत आला. शर्ट घामाने चिंब. म्हणाला, "कपाट उघडायला दोन मिनिटं लागली, मावशी. बाकीचा वेळ नुसता समोर उभा होतो."

त्याने दहा गोळ्यांची पट्टी काढली. कात्रीने दोन कापून माझ्या पुढ्यात ठेवल्या, आठ पाकिटात घातल्या. "रोज दोन. आधी कालच्या गोळ्यांची रिकामी चांदी दाखवायची, मग आजच्या मिळतील. पट्टी माझ्याकडे राहील."

मी भडकले. "अरे मेल्या! माझ्यावर संशय?"

"संशय नाही, मावशी. नियम."

सर आणि मनीषा हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते. विलास हसला नाही. त्याने रुमालातली किल्ली टेबलावर ठेवली, आणि पाकीट उघडून माझ्यासमोर धरलं. "आठ आहेत. मोजून घ्या."

मी पाकिटात बघितलं नाही. किल्ली डाव्या हाताने त्याच्याकडे सरकवली.

"मनीषा," मी म्हटलं, "ती पुडी सोड आणि मोहरी वाटीत भर."