सुमनबाईंची डबी

हॉस्पिटलातल्या आमच्या खोलीत दोन गोष्टी साठतात. फ्रीजरमध्ये डब्या आणि डोक्यात किस्से. डब्यांवर निदान लेबल तरी असतं.

आधी कामाचं सांगते. लिव्हर बदललेल्या काही पेशंटची पित्तनळी नंतर अरुंद होते. पित्त तुंबतं, डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते. मग आत बारीक नळी टाकतात, ती दर तीन महिन्यांनी बदलतात, वर अँटिबायोटिक्सचा मारा. या सगळ्यात आतड्यातल्या जिवाणूंचं काय होतं, यावर आमचे सर अभ्यास करतात. जिवाणू संडासच्या सॅम्पलमधून कळतात. सर अभ्यास करतात म्हणजे डब्या मी गोळा करते!

*

पहिले आले वैजापूरचे देशपांडे काका. तहसीलमधून रिटायर झालेले. डबी टेबलावर ठेवली आणि सोबत एक कागद दिला. 'विषय : सॅम्पल सादर करणेबाबत.' खाली 'सोबत : डबी एक.'

मी म्हटलं, "काका, कागदाची गरज नव्हती."

"असू द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

मी सही करून दिली. आजवर त्यांच्या सहा डब्या आल्यात आणि सहाही पोचा त्यांच्या फाइलमध्ये लावलेल्या आहेत.

*

पेशंटनं रोज काय खाल्लं, याची वही ठेवायची असते. पिशोरचे किसनराव, पिठाची गिरणी चालवतात. त्यांना लिव्हरचा तुकडा बायकोनंच दिला, सुमनबाईंनी. वहीसुद्धा सुमनबाईच लिहायच्या.

'सकाळी : उपमा. खाल्ला. नावं ठेवली.'

'दुपारी : मुगाची खिचडी. मीठ कमी म्हणले. मी बोलले नाय.'

'संध्याकाळी : खिचडीच. गप खाल्ली.'

सरांनी अख्खी वही वाचली. म्हणाले, "इतका प्रामाणिक डेटा मी आजवर पाहिला नाही!"

*

सॅम्पल तपासणीसाठी पुण्याला जातात, ड्राय आइसमध्ये. कुरिअरचा माणूस आला नाही म्हणून एकदा मीच खोकं स्कूटीवर घेऊन निघाले. क्रांती चौकात सिग्नलला थांबले, तर खोक्यातून पांढरा धूर! शेजारचे रिक्षावाले रिक्षा मागं घ्यायला लागले. ट्रॅफिक पोलीस शिट्टी वाजवत आला.

"काय हाय ह्यात? उघडा!"

मी खरं ते सांगितलं. किती जणांचं आहे, तेही सांगितलं.

त्यानं चारही बाजूंची ट्रॅफिक थांबवली आणि मला एकटीला पुढं सोडलं. असा मान या शहरात मला पुन्हा मिळाला नाही.

*

आमचे अटेंडंट सलीमचाचा. त्यांनी फ्रीजरवर पाटी लावली होती, 'इसमें खाने का कुछ नक्को रखो'. तरी एका नव्या डॉक्टरनं आत कुल्फी ठेवली. चाचांनी ती काढली नाही. तिच्यावर लेबल लावलं आणि नंबर टाकला. डॉक्टरसाहेबांनी दार उघडलं, लेबल वाचलं आणि कुल्फी तिथंच ठेवून निघून गेले.

*

एकदा सरांनी पेशंट आणि नातेवाईक बोलावून माहिती दिली. पोटात कोट्यवधी जिवाणू असतात वगैरे. लिव्हर देणाऱ्यांचंही सॅम्पल आम्ही तुलनेला घेतो, म्हणजे निरोगी पोट कसं असतं ते कळतं. सर म्हणाले, "आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं पोट आपल्या सुमनबाईंचं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमनबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

सरांना मग राहवलं नाही. म्हणाले, "निरोगी माणसाचे जिवाणू आजाऱ्याला देण्याचेही प्रयोग कुठं कुठं चालतात. आपण अजून करत नाही."

देशपांडे काका उठले.

"म्हणजे दुसऱ्याचं... आपल्या पोटात?"

"हो, तसंच."

"साहेब, लिव्हर घेतलं. हे मात्र लेखी कळवल्याशिवाय नको!"

*

किसनरावांच्या पहिल्या दोन डब्या वाईट आल्या होत्या. चांगले जिवाणू घटलेले, उपद्रवी माजलेले. दोन्ही वेळा त्याच आठवड्यात नळीही बदलावी लागली. सर म्हणाले, आता परत तुंबलं तर ऑपरेशन.

तिसऱ्या डबीचा रिपोर्ट आला. एकदम फर्स्ट क्लास! सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. पण समोर बसलेल्या किसनरावांचे डोळे हळदीसारखे पिवळे, आणि हात खाजवून सोललेले. सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मी शोधाशोध करून सुमनबाईंचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवला. दोन्ही जवळपास सारखेच.

सुमनबाईंना बाहेर बोलावलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय, माझीच हाय."

"अहो, पण का?"

"त्यांची डबी दोनदा खराब आली, दोन्ही बारी तुम्ही नळी टाकली. आता सर आपरेशन म्हणतेत. लई खंगलेत ओ ते. म्हणलं, चांगली डबी पाहून तरी थांबतेन."

मी समजावलं की इलाज डबीवर ठरत नाही, रक्त आणि स्कॅन पाहून ठरतो. संमतीपत्रात तसं लिहिलंय आणि ते मीच वाचून दाखवलं होतं. घाईत वाचलं होतं, हेही मला आठवलं आणि लाज वाटली. तरी अभ्यासाची काळजी म्हणून म्हटलं, "पण बाई, असं केलं की सगळा अभ्यास बिघडतो."

"मॅडम, लिव्हर दिलं तवा समद्यांनी टाळ्या वाजवल्या. आन् हे दिलं तर चौकशी लावली व्हय!"



सरांनी त्यांना बसवून सगळं नीट सांगितलं, या वेळी सावकाश. ऑपरेशन सोमवारी ठरलं. सुमनबाईंनी कागद स्वतः वाचला, सही केली. निघताना माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"डबी द्या."

मी एक दिली.

"दोन द्या."

"दोन कशाला?"

"एक त्यांची, खरी. दुसरी माझी. ती फ्रीजमधी जपून ठेवा. सर म्हणले व्हते ना, चांगल्याचं आजाऱ्याला देतेत कुठं कुठं."