आईच्या जिभेचा फोटो

आमच्या घरात कॉम्प्युटर यायच्या आधी वेबसाइट आली. ती पप्पांची होती आणि मी काढली होती. बदलापूर पूर्वेला, शिरगावात, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक गाळा भाड्याने घेऊन पप्पा अ‍ॅक्युपंक्चर करायचे. करायचे म्हणजे करायला बसलेले असायचे. तिकडे दिवसचे दिवस चिटपाखरू फिरकायचं नाही.

पप्पा मूळचे पंप ऑपरेटर. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. कंपनी बंद पडली तेव्हा बरोबरच्या लोकांपैकी कोणी रिक्षा घेतली, कोणी किराणा दुकान टाकलं. आमचे पप्पा मात्र चिनी वैद्यक शिकायला गेले. कंपनीत असताना त्यांचा खांदा आखडला होता. कल्याणच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सुया टोचून तो मोकळा केला, एवढंच निमित्त. पप्पा त्यांच्याच पाया पडून त्यांचे विद्यार्थी झाले, जाडजूड पुस्तकं वाचली, परीक्षा दिली आणि सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं. शेजारचे काका चेष्टा करायचे, बौद्ध म्हणून थेट चीनपर्यंत पोचलात का? पप्पा शांतपणे सांगायचे, "बुद्ध इकडून तिकडे गेला, सुया तिकडून इकडे आल्या. फिटंफाट." हे वाक्य त्यांना इतकं आवडायचं की नवीन माणूस भेटला की ते कुठून तरी त्यावर गाडी आणायचेच.

आईला हे सगळं थेर वाटायचं. चायनीज म्हटलं की लोकांना मंचुरियन आठवतं, असं ती म्हणायची, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. बोर्ड बघून एक मुलगा खरंच हाफ राइस आहे का विचारून गेला होता. गाळ्याचं भाडं जात होतं आणि पप्पांची कंपनीतून मिळालेली पुंजी सरत आली होती. तेवढ्यात जांभूळ गावच्या पाणी केंद्रावर एका ठेकेदाराला अनुभवी पंप ऑपरेटर हवा होता. ओळखीचा माणूस, पप्पांसाठी जून संपेपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला. बारा तासांची पाळी होती, ती घेतली की सुया पेटीत जाणार हे उघड होतं. आईने जेवताना निकाल दिला की जूनअखेरपर्यंत पेशंट आले तर ठीक, नाहीतर गाळ्याला कुलूप आणि जांभूळला ड्युटी. पप्पा हो म्हणाले आणि भाकरीचा तुकडा नुसताच कालवत बसले. मला त्या क्षणी आईचा भयंकर राग आला होता. माझा राग तेव्हा फार स्वस्त होता.

मी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठकडे कामाला होते. शेठचं दुकान म्हणजे पुढे झेरॉक्स, मागे कॉम्प्युटर क्लास आणि पोटमाळ्यावर मी. जीन्सवाले, फर्निचरवाले, बिस्किटवाले अशा छोट्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट मी करायचे. त्या काळात वेबसाइट असणं म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर एक जास्तीची ओळ असणं, यापलीकडे कोणाला त्याचा उपयोग माहीत नव्हता. शेठने मला जेवणाच्या सुट्टीत पप्पांची साइट करायची परवानगी दिली. मागे बांबूचं चित्र, वर पप्पांचं लाडकं वाक्य आणि खाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा. तो आकडा सुरुवातीला जोरात वाढला. पप्पा सायबर कॅफेतून आणि मी दुकानातून आलटूनपालटून साइट उघडून बघत होतो, त्यामुळे.

मग मी ब्लॉग सुरू केला. ब्लॉग हा शब्द घरात सांगितला तेव्हा आईला वाटलं ब्लॉकचं काही तरी आहे आणि आता गाळ्याला जोडून खोली घेताहेत की काय. पप्पा रविवारी सांगायचे आणि मी लिहून घ्यायचे: नाडी तीन बोटांनी कशी बघतात, सुई टोचली की मुंग्या का येतात, पावसाळ्यात थंड गुणाचं का खाऊ नये. लेख मराठीत होते. दुकानातल्या निम्म्या कॉम्प्युटरवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, पण कुठेतरी कोणाला तरी दिसत असणार, कारण अमेरिकेतून आणि दुबईतून लोक 'छान लेख' म्हणून लिहायला लागले. एका बाईंनी पप्पांना वाढदिवस कधी असतो ते विचारलं. न्यू जर्सीहून शिरगावला गुडघा दाखवायला मात्र कोणी येईना.

शेठ वरच्यावर सल्ले द्यायचे. गॅरंटी लिहा, शंभर टक्के लिहा, शुगर जाईल, बीपी जाईल असं लिहा. पप्पा त्याला तयार नव्हते. उलट प्रत्येक लेखाच्या शेवटी ते एक ओळ टाकायला लावायचे की आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मग इकडे या. शेठ कपाळावर हात मारून घ्यायचे. "बेटी, तुझा पप्पा कमालचा माणूस आहे. आपला गिऱ्हाईक खुद दुसऱ्याच्या दुकानात पोचवतो." मीही मनातून शेठच्याच बाजूची होते. जून अर्धा सरला होता.

पप्पांना तेव्हा एक कल्पना सुचली. चिनी वैद्य जीभ बघून पुष्कळ काही ओळखतात. जिभेचा रंग, तिच्यावरचा थर, कडेच्या खुणा, प्रत्येकाला अर्थ असतो. लोकांनी घरच्या घरी आपली जीभ आरशात कशी बघावी, असा सचित्र लेख लिहायचा. लोक स्वतःची जीभ बघतील, घाबरतील आणि येतील, हे माझं गणित. लोक स्वतःची जीभ बघतील आणि स्वतःकडे लक्ष देतील, हे पप्पांचं. लेखासाठी एक निरोगी जीभ हवी होती. घरात सगळ्यात धडधाकट जीभ कोणाची, यावर आमच्या दोघांचं लगेच एकमत झालं.

आईने पुष्कळ आढेवेढे घेतले. नवऱ्यासमोर जीभ बाहेर काढणं तिला अगदीच चमत्कारिक वाटत होतं. शेवटी पप्पांना गाळ्यात पाठवलं, तेव्हा ती खिडकीशी उजेडात उभी राहिली. शेठच्या डिजिटल कॅमेऱ्याने मी फोटो काढला आणि तिने लगेच तोंड मिटून घेतलं. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा काचेवर मला काहीच खटकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात मोठ्या पडद्यावर रंग जरा जांभळट वाटला, पण आमचा तो जुना मॉनिटर गव्हाच्या पोळ्यासुद्धा जांभळट दाखवायचा.

पप्पा लेख तपासायला मुद्दाम कॅम्प चारला आले होते. पोटमाळ्याची शिडी चढून धापा टाकत माझ्या शेजारी बसले आणि मी फोटो उघडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फोटो कधी काढला विचारलं. रविवारी, म्हटलं. मग त्यांनी मला तो रंगीत छापून द्यायला सांगितला, कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मला लवकर घरी चल म्हणाले. मी नीट वाचत नव्हते, नुसतं टाइप करत होते, म्हणून मला कळायला वेळ लागला. आदल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलेलं मी लिहून घेतलं होतं: जीभ जांभळी दिसली तर रक्त नीट फिरत नाही असं समजावं, आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर उशीर करू नये. आईला जिना चढताना दम लागायचा. आम्ही तिला त्यावरून जाडी म्हणून चिडवायचो.

घरी पोचल्यावर पप्पांनी तिला पुन्हा जीभ दाखव म्हटलं. ती जवळजवळ ओरडलीच. एकदा दाखवली ना, आता पुरे, मी काय कॅलेंडरवरची कालीमाता आहे का? पप्पांनी जोर केला नाही. मला वाटतं त्यांना परत बघायचं धैर्यच नव्हतं. सकाळी ईसीजी काढून येऊ एवढंच म्हणाले. कशाला विचारलं तर वय झालं म्हणाले, त्यावर आई वेगळी भडकली.

दवाखान्यात बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. पप्पांनी तिचं मनगट धरलं होतं, तीन बोटं नाडीवर. ती सगळ्यांसमोर हात सोडवून घ्यायला बघत होती आणि ते सोडत नव्हते. मग ते तिच्याकडे न बघता, हळू आवाजात म्हणाले, "तुला काही झालं तर मी काय करू? मला काहीच येत नाही गं. सुईसुद्धा नाही येत." आईने हात सोडवायचं थांबवलं. माझ्या आयुष्यात मी त्या दोघांना हात धरून बसलेलं पहिल्यांदा बघत होते आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

ईसीजी अगदी नॉर्मल निघाला. डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, अचानक का आलात, तेव्हा पप्पांनी खिशातला कागद काढून टेबलावर उलगडला. डॉक्टरांनी कागदावरची जीभ बघितली, मग आईला जीभ दाखवायला सांगितली. छान गुलाबी होती. त्यांनी पुन्हा कागद बघितला आणि आईला विचारलं, "काकी, जांभळं खाल्ली होती का?"

आईने पदर तोंडाला लावला. तिला दर पावसाळ्यात खोकला व्हायचा, म्हणून पप्पांनी चिनी शास्त्राप्रमाणे तिची जांभळं बंद केली होती, थंड पडतात म्हणून. बदलापूरच्या माणसाला जूनमध्ये जांभळं बंद म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. स्टेशनच्या पुलाखाली गावाकडच्या बायका पानाच्या द्रोणात टपोरी जांभळं घेऊन बसतात. ती रोज बाजारातून येताना एक द्रोण आणायची आणि पप्पा गाळ्यात असताना खिडकीशी उभी राहून संपवायची. आम्ही जीभ मागितली तेव्हा चोरी पकडली गेली असंच तिला वाटलं होतं. परत दाखवायला ती तयार झाली नाही ती त्यामुळेच.

डॉक्टर हसले, मी हसले, बाहेर पडल्यावर आईही इतकी हसली की तिला रिक्षात चढता येईना. पप्पा हसले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी गाळ्याची किल्ली आणून टेबलावर ठेवली आणि मला वेबसाइट बंद कर म्हणाले. घरच्या बाईची जीभ ज्याला ओळखता येत नाही, त्याने परगावच्या लोकांना शिकवू नये. सोमवारपासून जांभूळला जातो, असं त्यांनी सांगितलं. महिना संपायला अजून थोडे दिवस होते, ते मी सांगितलं, तर म्हणाले, राहू दे.

मी रडकुंडीला येऊन आईकडे बघितलं. तिच्या मनासारखं झालं होतं. ती उठली, किल्ली उचलली आणि पप्पांच्या हातात परत दिली.

"तुम्ही घाबरलात तेव्हा मला सुई नाही टोचली," ती म्हणाली. "डॉक्टरकडे नेलंत. लिहिता तसंच वागलात. असा माणूस पंप चालवायला नको पाठवायला."

मग तिने खरी बातमी सांगितली. शिरगावच्या बालवाडीत मदतनीस बाई हवी होती, तिथल्या शिक्षिकाबाईंनी तिला मागेच विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. आता दवाखान्यातून येताना, आम्ही औषधाच्या दुकानाशी थांबलो होतो तेवढ्यात, ती पलीकडच्या बालवाडीत जाऊन हो म्हणून आली होती. वर्षभर घर ती चालवणार. पप्पांनी गाळ्यात बसायचं. पप्पा नको नको म्हणत राहिले, तुला पोरांचा कलकलाट सहन होत नाही म्हणाले. ती म्हणाली, तुमचा सहन केला एवढी वर्षं, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मला माझ्या आईचं तेव्हा फार नवल वाटलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की पप्पांच्या स्वप्नाच्या आड ती उभी आहे. ती फक्त घर कोण चालवणार हे विचारत होती, आणि आमच्यापैकी कोणी उत्तर दिलं नाही तेव्हा तिने स्वतःच ते दिलं.

जांभळांची सगळी हकीकत पप्पांनी ब्लॉगवर लिहायला लावली, स्वतःच्या चुकीसकट. ती वाचून बदलापुरातलीच दोन माणसं आली, मग त्यांनी पाठवलेली आणखी काही. शेठनेही आपली कंबर आणली. गाळा वर्षाअखेरीस जेमतेम स्वतःचं भाडं काढायला लागला. आई मात्र एका वर्षासाठी म्हणून बालवाडीत गेली ती निवृत्त होऊनच परतली. मुलं तिला रस्त्यात ओळखून पायांना मिठी मारायची.

ती पहिल्यांदा कामावर गेली त्या सोमवारी पप्पा पुन्हा कॅम्प चारला आले. शिडी चढून माझ्या शेजारी बसले आणि साइटवर आमच्याविषयी असं एक पान असतं ते उघडायला सांगितलं. तिथे त्यांचं शिक्षण, सर्टिफिकेट, अनुभव असं मी बरंच सजवून लिहिलं होतं. ते सगळं काढ म्हणाले, आणि त्या जागी एवढंच लिही: "हा दवाखाना माझी बायको चालवते. मी फक्त सुया टोचतो."

मी लिहायला घेतलं. डोळ्यांपुढे सगळं पाणी झालं होतं, त्यामुळे ती दोन छोटी वाक्यं नीट टाइप व्हायला मला बराच वेळ लागला, आणि पप्पा शेजारी बसून वाट बघत राहिले.