सड्यावर चढणारी गाडी

मोहोर दिसायच्या आत गाडी दारात आली नाही, तर बाग व्यापाऱ्याच्या घशात जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसांत मी एका जागी स्वस्थ बसल्याचं आठवत नाही. तांदूळ निवडायला घेतले तरी हात सुपात आणि लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोच्या चाकांकडे.

आमची आंब्याच्या कलमांची बाग सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर आहे. गावाची शीव ओलांडली की लागते, म्हणजे घर या गावात आणि बाग शेजारच्या गावाच्या हद्दीत. नवऱ्याने कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, खालून माती वाहून नेली आणि ती कलमं उभी केली. मग ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली आणि सड्याकडची उभी घाटी चढणं संपलं. दोन मोहोर आले नि गेले, ह्यांनी बाग पाहिली नाही. पेट्या डोक्यावरून उतरवणाऱ्या बायका थकल्या आणि नव्या कोणी येईनात. तेवढ्यात एक व्यापारी पडवीत येऊन बसायला लागला. बाग दहा वर्षं कराराने द्या आणि घरात बसून खा, असं त्याचं गोड बोलणं. हे मान हलवायचे. त्या मानेचा मला इतका राग यायचा की मी त्याचा चहा बिनसाखरेचा करायची, आणि तो मेला तसाच पिऊन जायचा. मोहोर दिसला की सांगतो, असा शब्द ह्यांनी त्याला दिला होता.

मी कुडाळला जाऊन गाडी चालवायला शिकले. पन्नाशी उलटलेली बाई क्लचशी झगडताना बघून शिकवणारा तोंड वळवून हसायचा. हसू दे म्हटलं. नवी गाडी परवडणार नव्हती, तेव्हा वापरलेली शोधणं आलं. मुलगा मुंबईहून फोनवर व्हिडिओ पाठवायचा, कुठली किती वजन घेते, कुठली लिटरला किती जाते. त्या सगळ्या गाड्या गुळगुळीत रस्त्यांवर पळत होत्या. आमच्या सड्यावरचा रस्ता त्यातल्या एकीनेही पाहिला नव्हता.

पहिली पाहिली ती तीनचाकी. रिकामी होती तोवर घाटी भुर्रकन चढली. मग मी तिच्या हौद्यात जांभ्याचे चिरे भरायला लावले, भरल्या पेट्यांच्या वजनाचे. वळणावर तिचं पुढचं चाक अधांतरी झालं आणि स्टिअरिंगवरच्या मालकाने ग्रामदेवतेला हाक मारली. तिला तिथूनच रामराम केला.

दुसरी देवबागला मिळाली. चारचाकी, स्वस्त, वर नवाकोरा निळा रंग. रंगावर मी अगदी भाळले. नारळ वाजवून बघतो तसा हौदा वाजवला, तर आवाज बद्द आला. खालचं रबर उचललं आणि पत्र्याच्या भोकातून वाळू दिसली. गाडीने जन्मभर मासळी आणि बर्फ वाहिला होता, खाऱ्या पाण्याने तळ खाऊन टाकला होता. मालक म्हणाला, वहिनी, पत्रा काय, बदलता येतो. मी म्हटलं, मग बदला, आणि तुमच्याकडेच ठेवा.

घरी येऊन सांगावं तर ह्यांचा निराळाच सूर. न बघितलेल्या गाड्यांनाही नावं ठेवायचे. ही उंच असेल, ती हादरे देईल. एकदा विचारलं, पुढची सीट कशी आहे? मी म्हटलं, सीट घेऊन काय करायचंय, हौदा किती लांब ते विचारा. एवढं बोलून मी फोन लावायला आत गेले.

शेवटी कसालच्या एका सिमेंटवाल्याकडे छोटा टेम्पो मिळाला. रंग उडालेला, दार आपटल्याशिवाय लागत नाही, पण तळ खणखणीत. मालक भला होता. म्हणाला, आठवडाभर घेऊन जा, सड्यावर चढवा, मग बोलू.

मी गाडी घरी आणली आणि त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला. ठरावीक वर्षांनी आमचं गाव तीन दिवस रिकामं होतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांनी शिवेबाहेर जाऊन राहायचं. मागे चूलसुद्धा पेटत नाही. मग परत कौल लावायचा आणि देवाने हो म्हटलं की घरी यायचं. बाकीचे माळावर खोपी घालतात. आम्ही आमच्या बागेत राहायचं हे उघड होतं, आणि देवाच्या हुकुमापुढे ह्यांना खुब्याचं कारण सांगता येणार नव्हतं.

निघायच्या सकाळी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. गाय चुलतदीर घेऊन गेले. पुढच्या सीटवर मी देवांची पेटी, पिठाचा डबा आणि पाण्याची कळशी ठेवली, हौद्यात गाद्या, भांडी, कोंबड्यांची टोपली. शेजारचे पुरुष मदतीला धावून आले. काकांना घ्या रे, असं कोणीतरी म्हटलं, आणि नको म्हणायला तोंड उघडायच्या आत त्यांनी ह्यांना खुर्चीसकट उचलून हौद्यात, गाद्या आणि टोपलीच्या मधे ठेवलं. मायेनेच केलं सगळं. मी आरशात बघत घाटी चढवत होते. हे एका हाताने टोपली धरून, मागे पडणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. गाडी काय सुंदर चढली! पण आरशातलं ते तोंड बघून मला आनंद होईना.

बागेत पोहोचल्यावर तेच पुरुष उतरवायला आले, तर ह्यांनी काठी आडवी धरली. माणसं ओशाळून बाजूला झाली. मग हे मला म्हणाले, "इतक्यो गाडयो बघलंस. मी खंय बसतलंय, ह्या एकदा तरी इचारलंस?"

"बोलाक काय झाला हुता तुमका?" मी ओरडले. आणि ओरडता ओरडता ती सीटची गोष्ट आठवली. ते बोललेच होते की. पुढचं भांडण माझ्याच्याने झालं नाही.

बागेच्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, एक चिरा सुटून पडला होता. तो मी ओढत आणला आणि हौद्यामागे लावला. हे कडेला सरकले, पाय चिऱ्यावर टेकला, मग जमिनीवर, आणि कोणाकडे न बघता कलमांत शिरले. कातळ खडबडीत, मी हात पुढे करून मागे मागे. हे प्रत्येक बुंध्यावर तळवा ठेवत चालले होते. कोपऱ्यातल्या कलमाशी थांबले आणि बुंध्यावरचा भुसा बोटाने चोळला. भिरूड, खोड पोखरणारी अळी. दोन वर्षं मी त्या झाडाखालून ये-जा करत होते.

पुढचे दिवस हे तोच चिरा बुडाखाली घेऊन त्या कलमाशी बसले आणि तारेने भोकं साफ करत राहिले. मी मात्र वर बघत होते. उन्हाच्या बाजूच्या फांद्यांना मोहोर फुटला होता. आयुष्यात पहिल्यांदा मोहोर नकोसा वाटला. व्यापाऱ्यालाही तो दिसलाच. तोही गावाबाहेर पडलेला, मोटारसायकल घेऊन थेट बागेत हजर. ह्यांनी त्याला बसवलं, मोहोर दाखवला, आणि मागाहून सांगतो म्हणाले. हो नाही आणि नाही नाही. मला तर वाटलं, त्या भिरडाच्या भोकात तार घालायच्या ऐवजी ह्यांच्या मनात घालून बघावी.

देवाने परतायचा कौल दिला, तशी एकच धांदल उडाली. मी सगळं सामान हौद्यात कोंबलं आणि पुढची सीट पुसून रिकामी केली. चिरा उचलून दाराखाली ठेवला. ह्यांनी दाराची दांडी धरली, चिऱ्यावर पाय दिला आणि आपले आपण वर चढून बसले. काठी गुडघ्यांत धरली. मी चावी फिरवली.

"थांब," हे म्हणाले.

आता व्यापाऱ्याचं काढणार, असं वाटून मी गाडी बंद केली.

"तो चिरो खाली ऱ्हवलो. गाडयेत घाल. घराकडे रोज चडाक-उतराक होयो."

"रोज?" मी विचारलं.

"मगे? भिरूड काय एका दिसात जाता?"