बिस्काचं तोंड

होग्गारच्या वाळवंटात उंट हाकण्यात बिस्काचा जन्म गेला, पण मिशी फुटल्यापासून त्याचं तोंड कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. तिथल्या सगळ्याच पुरुषांसारखा तो डोळ्यांखाली निळं फडकं गुंडाळायचा आणि पाणीसुद्धा फडक्याआडूनच प्यायचा. त्याची बायको तेहित मात्र उघड्या तोंडाने वावरायची आणि त्याच तोंडाने त्याला येताजाता टोमणे मारायची.

एकदा वाळवंटाचा नकाशा काढायला योहान नावाचा जर्मन आला. बिस्काने त्याला विहिरीमागून विहीर दाखवत हिंडवलं. निघताना योहानने मोठ्या प्रेमाने त्याच्या हातात एक कागद ठेवला. त्यावर बिस्काचं चित्र होतं, पण फडक्याशिवाय! डोळे हुबेहूब होते. नाक, ओठ आणि हनुवटी योहानने मनानेच काढली होती.

बिस्काचं डोकं फिरलं. "अरे निर्लज्जा, चारचौघांत नागडा केलास की मला!"

"पण किती छान दिसतोयस," योहान गोंधळून म्हणाला.

तेहितने कागद ओढून घेतला. "कोण हा मेला? मी नाही ओळखत."

"नवऱ्याला ओळखत नाहीस? चार पोरं आहेत की तुम्हाला!" योहान म्हणाला.

"ती काय तोंड बघून झाली?"

तिने अंगठा थुंकीने ओला केला, बिस्काच्या फडक्यावर घासला आणि सुटलेला निळा रंग चित्राच्या डोळ्यांखाली फासला. मग कागद लांब धरून निरखला.

"हं, आता कसा माझा नवरा दिसला!"