तात्यांच्या नाकातलं पाणी

लहानूतात्या कुजबुजले, तरी मखमलाबादच्या दोन वावरांपलीकडे ऐकू जायचं. फुलबाजारात तर विचारूच नका. "घ्या वो झेंडूऽऽ! नवरदेव लाजंल आसा!"

२००७ साली तात्या खांबांवर, माणसांवर आपटायला लागले. समोरचं दिसे, बाजूचं दिसेना. मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून ती काढली. डोक्याला टाका नाही, केससुद्धा शाबूत.

शेजारच्या वत्सलाबाई बघायला आल्या. "आपरेशन झालं, का नुसतंच सर्दीचं औषध दिलं?"

"नाकातून काढली, वत्सले! तपकिरीच्या वाटंनं!"

आता त्याच वाटेवर बंदी होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "तपकीर नाही, नाक शिंकरणं नाही, वाकणं नाही. आणि नाकातून पाणी गळलं तर सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी असतं ते. जिवावर बेतेल. लगेच या."

सून रूपालीनं तपकिरीची डबी उकिरड्यावर फेकली. पण गोठ्यात दुसरी होती. तात्यांनी चिमूट ओढली आणि अशी शिंक दिली, की बसलेली म्हैस उठून उभी राहिली.

संध्याकाळी नाक गळायला लागलं. तात्या उपरण्यानं पुसत बसले.

"मामा, काय झालं?"

"काय नाय. डोळं भरून आलं. लय केलं पोरी तू माझं."

सुनेला जन्मात गोड न बोललेला माणूस! रूपाली विरघळलीच. "मामा रडले वो माझ्यासाठी!" असं वत्सलाबाईंना सांगून आली आणि भरपूर तूप घालून शिरा केला. "खा, मामा. तुमच्या मनात एवढं होतं, मला मेलीला कळलंच नाही."

तात्या घासासाठी वाकले. टपकन थेंब शिऱ्यात पडला. त्यांनी ताट सरकवलं.

"रडत नाय मी." एवढ्या बारीक आवाजात ते कधीच बोलले नव्हते. "तपकीर ओढली. शिंकलो. तवापासून गळतंय."

रूपालीनं चपला घातल्या, रिक्षा आणली. वाटेत त्यांच्याकडे बघितलंही नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं?"

"शिंक आली हो, सर्दीनं," रूपाली झटकन म्हणाली.

तात्यांना ते शिऱ्यापेक्षा जड गेलं. "नाय, सायेब. तपकीर. आन् हिला खोटं सांगितलं, रडतोय म्हणून."

"बरं, वेळेत आलात. टेकून पडा."

रूपालीनं खाली बसून त्यांच्या पायातल्या वहाणा काढल्या. तात्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि उपरण्यानं डोळे पुसले, या वेळी खरोखरचे भरलेले.