काकूंनी साडी नेसणं का सोडलं

रेडमंडला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या काका-काकूंशी आमची ओळख झाली. काका निवृत्त डॉक्टर. अमेरिकेत येण्याआधी ते दोघं सहा वर्षं इंग्लंडमध्ये होते. मी जर्मनीत तीन वर्षं संशोधन करून आले होते. एका शनिवारी त्यांच्याकडे जेवताना मी जर्मनीत घर शोधत होते तेव्हाची गोष्ट सांगितली.

"फोनवर माझं नाव ऐकलं की घर नुकतंच गेलेलं असायचं. एकदा लॅबमधल्या जर्मन मैत्रिणीनं दहा मिनिटांनी तिथेच फोन केला, तर तिला म्हणे, या ना बघायला!"

"पण तोंडावर कुणी काही बोललं नाही ना?" काकांनी विचारलं.

"कधीच नाही. सगळे एकदम पोलाइट."

काका हसले. "आमच्या इंग्लंडात सगळं तोंडावर. पेशंट सरळ म्हणायचे, गोरा डॉक्टर पाठवा. मी म्हणायचो, तो सोमवारी येईल, थांबता? मग गपचूप नाडी बघायला हात पुढे करायचे."

त्यांच्या मते हेच बरं, माणसाला निदान उत्तर तरी देता येतं. मला पटेना. मला कुणी असं म्हटलं असतं तर मी आठवडाभर झोपले नसते. मग मी पॅरिसच्या दुकानात माझ्या मागे मागे फिरणाऱ्या गार्डबद्दल सांगितलं, त्यांनी हॉस्पिटलात हुकलेल्या बढतीबद्दल. कुठला देश बरा, यावर आमचा वाद चांगलाच रंगला.

काकू पोळी वाढत होत्या. सहज बोलावं तसं म्हणाल्या, "इंग्लंडात माझ्या साडीवर थुंकला होता एकजण. बस स्टॉपवर."

काकांचा घास हातातच राहिला. "कधी?"

"दुसऱ्या वर्षी. घरी येऊन साडी धुतली. नंतर पँटच घालायला लागले."

"मला वाटायचं, तुला थंडी वाजते म्हणून."

"तसंच सांगितलं होतं मी. तुम्ही ड्यूटीवरून इतके दमून यायचात."

मी उगाचच आमटी वाढून घेतली. इतका वेळ आम्ही देशांची तुलना करत होतो आणि एकाच घरातल्या दोघांचं इंग्लंड इतकं वेगळं होतं.

"कुठला स्टॉप?" काकांनी हळूच विचारलं.

"चर्चसमोरचा."

"मी रोज तिथेच उतरायचो," ते म्हणाले.

काकूंनी नुसती मान हलवली आणि त्यांच्या ताटात गरम पोळी वाढली.