शीतलचा गुडघा

ज्ञानाने दुःख हलके होते, असे आमच्या विभागप्रमुख सरांनी क्रीडाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला सांगितले. शीतल धावपटू होती. गुडघ्यातले लिगामेंट तुटले, म्हणून ती या वर्गात आली. प्रात्यक्षिकाला आम्ही पोटरी पुढे ओढून एकमेकांचे गुडघे तपासतो. दुखावलेला एकच, त्यामुळे सगळी रांग तिच्यापाशी. पुस्तकातली खूण खऱ्या शरीरात सापडली की माणसे किती आनंदतात!

"हळू ओढ गं, रस्सीखेच नाहीये," शीतल म्हणाली. मग सरांना तिने विचारले, "सर, मी परत धावेन ना?"

"परीक्षेपर्यंत तरी गुडघा असाच राहू दे," सर म्हणाले. सगळे हसले, ती जरा उशिरा हसली.

तिला तपासायला माझा गुडघा मिळाला.

"एकदम ठणठणीत आहे रे," ती म्हणाली. हात मात्र तिने बराच वेळ काढला नाही.

मी बस पकडायलाही धावत नाही.